चिखलातली कबड्डी

२६ जुलै म्हटलं की ठाण्यातल्या माणसाला आधी २००५चा पाऊस आठवतो. आमच्या तुकडीला (दहावी, मार्च २००२) मात्र आपल्या शाळेचं मैदान आठवतं.

२००० साली मी नववी 'ब'मध्ये होते. कारगिलच्या विजयाला वर्ष होत होतं आणि शाळेत तो दिवस पहिल्यांदाच साजरा व्हायचा होता. आदल्या उन्हाळ्यात टीव्हीवर बातम्या ऐकून ऐकून तोलोलिंग, टायगर हिल ही नावं आम्हाला मुलुंड-भांडुपसारखी पाठ झाली होती. बाईंनी आठवडाभर आधीपासून बजावलं होतं, "गंभीर कार्यक्रम आहे, कुणी दात काढायचे नाहीत." भाषण माझ्याकडे होतं. '५२७ जवान' म्हणून थांबायचं आणि मान खाली घालायची, हेही बसवून घेतलं होतं.

पाहुणे होते एक निवृत्त सुभेदार. राहायला लोकमान्यनगरला, नोकरी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या गेटवर. मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, म्हणजे जंगी पलटण. बाहेर धो धो पाऊस, आणि यांचे बूट असे की स्टेजवरची ट्यूबलाइट त्यांत दिसावी. शिपाईमामांनी नंतर सांगितलं, बूट पिशवीत घालून आणले होते आणि जिन्याखाली बसून, पाय पुसून, चढवले होते.

स्तब्धता झाली, भाषण झालं, समूहगीत झालं. सुभेदारांनी माइक घेतला, आमच्याकडे नुसतं बघत राहिले आणि म्हणाले, "का रं पोरांनो, अशी तोंडं का पाडून बसलाय?"

मग त्यांनी जमालपूरची लढाई सांगितली. डिसेंबर १९७१, तेव्हाचा पूर्व पाकिस्तान, म्हणजे आजचा बांगलादेश. गावाच्या दक्षिणेचा रस्ता पलटणीनं अडवून धरलेला. शरण या म्हणून आपल्या ब्रिगेडियरनं पाठवलेल्या चिठ्ठीला समोरच्या पाकिस्तानी कर्नलनं उत्तर पाठवलं, त्यात बंदुकीची गोळी गुंडाळलेली. १० तारखेच्या रात्री ते लोक रस्ता फोडायला अंगावर आले. सकाळी जमालपूर पडलं. सुभेदारांचा गावचा जोडीदार मात्र त्या रात्रीच गेला.

इथं आम्ही पुन्हा माना खाली घातल्या. पण ते त्या रात्रीवर थांबलेच नाहीत. जोडीदाराचं सांगू लागले. तो पत्त्यांत कसा लबाडी करायचा. लंगरमधला गूळ खिशात घालायचा आणि खिशाला मुंग्या लागल्यावर पकडला जायचा. हुतुतूत डाव्या अंगानं चढाईला गेला की त्याचा घोटा कुणाला सापडायचा नाही. मुंग्यांपाशी मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं आणि बाईंनी वळून डोळे वटारले. "हसू द्या बाई," सुभेदार म्हणाले. "तो हसवायचाच. तीस वर्षांनी त्यानं पुन्हा हसवलं की!" मग अख्खा हॉल हसला. पहिल्या रांगेत मी हसत होते आणि गालावरून पाणीही येत होतं, दोन्ही एकदम.

मराठा दिवसाचंही त्यांनीच सांगितलं. त्यांच्या रेजिमेंटचा मोठा दिवस ४ फेब्रुवारी, १६७० साली कोंढाणा घेतला तो. 'गड आला पण सिंह गेला' हे आपण चौथीपासून घोकतो, पण ते म्हणताना आपला आवाज 'सिंह गेला'वर पडतो आणि तिथंच राहतो. ही माणसं तानाजींना मानवंदना देतात आणि त्याच दिवशी बडाखान्याला, म्हणजे पलटणीच्या मोठ्या जेवणाला, पंगतीत बसतात. "गड आला, हे मोठ्यानं म्हणायचं," ते म्हणाले. "नाहीतर तो गेला कशासाठी?" हे वाक्य मी वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं. ती वही अजून माझ्याकडे आहे.

कार्यक्रम संपल्यावर त्यांनी मुख्याध्यापिकांकडे एकच मागणं केलं, पोरांना खेळू द्या. त्या पावसात! पीटीच्या सरांनी फक्कीच्या रेषा मारल्या, त्या दोन मिनिटांत वाहून गेल्या. मग चपला ठेवून मध्यरेषा केली. नववी 'अ' विरुद्ध 'ब', मुलींची कबड्डी. कोण बाद, कोण आत, कुणालाच कळत नव्हतं. ज्यांच्यासाठी सकाळी मान खाली घातली होती, त्यांची आठवण मला त्या चिखलात जास्त आली. कारगिलला गेलेल्यांत किती तरी जण विशी-बाविशीचे होते. आमच्या शेजारच्या दादाएवढे. त्यांनाही कुणीतरी असंच घोट्याला धरून पाडलं असेल, हे भाषण पाठ करताना कधी मनात आलं नव्हतं.

पुढच्या वर्षी, २००१ला, आम्ही दहावीत. सुभेदार आले ते एका बाईंना घेऊन. नऊवारी, हातात कापडी पिशवी, सकाळीच एसटीनं खोपटला उतरलेल्या. जोडीदाराची धाकटी बहीण. स्टेजवर बसायला त्या तयार होईनात, आमच्यातच सतरंजीवर बसल्या. पिशवीत शेंगदाण्याचे लाडू होते, ते स्वतःच्या हातानं वाटले.

सामना सुरू झाला तेव्हा त्या मैदानाच्या कडेला छत्रीत उभ्या होत्या. मी चढाईला गेले, पकडीतून सुटले आणि मध्यरेषेवर पालथी पडले. उठून तोंडावरचा चिखल पुसते तोवर त्या छत्री टाकून आत आल्या होत्या. पदरानं माझं कपाळ पुसलं. हसत होत्या.

"डावीकडनं जा गं," म्हणाल्या. "आमचा दादा डावीकडनं जायचा."