घाम टपकला म्हणजे अंग गार झालं असं नाही

उन्हाळ्यात सरावाला किती पाणी प्यायचं, हे तालमीतला वजनकाटा सांगतो. आधी लघवी करून नुसत्या लंगोटावर वजन घ्यायचं, सराव संपला की अंग कोरडं पुसून पुन्हा. ७० किलोचा पैलवान तासाभरात ६८.८ वर आला आणि मधे अर्धा लिटर पाणी प्याला असेल, तर घाम गेला १.७ लिटर. शेजारच्या जोडीदाराचा आकडा निम्माही असू शकतो, त्यामुळे 'सगळ्यांनी दोन बाटल्या' हा हुकूम बिनकामाचा. घट वजनाच्या दोन टक्क्यांपुढे जाऊ द्यायची नाही. तिथून पुढे नाडी चढते आणि अंग तापायला लागतं.

उलट वजन वाढलं तर तोही धोकाच. नुसतं पाणी ढोसलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं. डोकं दुखतं, उलटी होते, आणि मग कुणीतरी आणखी पाणी पाजतं! तासाच्या वर सराव असेल तर एक लिटर पाण्यात पाव चमचा मीठ, ५० ते ६० ग्रॅम साखर आणि लिंबू; दर १५-२० मिनिटांनी थोडं थोडं. थंडाई नंतर. बदाम-दुधाचा ग्लास मधेच घेतला तर पोटात तसाच डुचमळत राहतो.

आता घामाचं. अंग गार होतं ते घाम वाळताना. जमिनीवर टपकलेला थेंब फुकट गेला. म्हणून वळीव पडून गेल्यावरची संध्याकाळ फसवी. पारा उतरलेला असतो, पण हवा दमट इतकी की घाम वाळतच नाही, आणि बंद खिडक्यांच्या तालमीत तर बघायलाच नको. अशा दिवशी जोर-बैठका कमी करा, पंखा लावा. वजन उतरवायला प्लास्टिकचा सूट घालून पळणं म्हणजे हीच अवस्था मुद्दाम ओढवून घेणं. १९९७ मध्ये अमेरिकेत झटपट वजन उतरवताना कॉलेजचे तीन पैलवान गेले, त्यानंतर तिथल्या कॉलेज कुस्तीत असे सूट बंद झाले.

नव्या पोरांना उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. सुट्टीवरून आलेल्याला पहिल्याच दिवशी पूर्ण मेहनत देणारा वस्ताद मला पटत नाही.

पोरगं असंबद्ध बोलायला लागलं, झोकांड्या खाऊ लागलं, की उष्माघात धरूनच चला. घाम येतोय म्हणून गाफील राहू नका, मेहनतीतल्या उष्माघातात तो येतच राहतो. काखेतलं तापमान कमी दाखवतं, त्यावर विसंबू नका. एकानं १०८ ला फोन करायचा, बाकीच्यांनी पोराला बर्फ घातलेल्या पाण्याच्या हौदात मानेपर्यंत बसवायचं. डोकं धरायला एक माणूस कायम. हौद नसेल तर बर्फाच्या पाण्यातले टॉवेल अंगभर, दर दोन-तीन मिनिटांनी बदलत. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालायचं नाही. आणि गाडी आली म्हणून गार करणं अर्ध्यात सोडायचं नाही: आधी गार, मग दवाखाना.