चर्चच्या हॉलमधली शुगर

इथे अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेला नर्सिंग शिकताना एक सत्र हॉस्पिटलबाहेर, वस्तीत काढावं लागतं. आमच्या कॉलेजचा एका चर्चशी करार आहे. हॉल आणि माणसं त्यांची. ग्लुकोमीटर, स्ट्रिप्स आणि आम्ही विद्यार्थिनी कॉलेजच्या. येणारे बहुतेक मेक्सिकन, बांधकामावर नाहीतर हॉटेलांत राबून थेट इथे आलेले.

शुगर असताना स्वतःला कसं सांभाळायचं, हे शिकवणारा वर्ग मात्र आम्ही घेत नाही. केट लोरिग या मूळच्या नर्स. त्यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात उभा केलेला हा अभ्यासक्रम आधी स्पॅनिशमध्ये तयार झाला, इंग्रजीत नंतर आला. सहा आठवडे, दर आठवड्याला अडीच तास. शिकवायला डॉक्टर लागत नाही. प्रशिक्षण घेतलेली, बहुतेकदा स्वतःच शुगर असलेली माणसं शिकवतात. आमच्या हॉलमध्ये हे काम करणाऱ्या बाईंना पाहून मला आपल्याकडच्या आशाताईच आठवतात.

‘जास्त चालेन’ असा मोघम बेत तिथे खपत नाही. काय, किती, कधी, आठवड्यातून कितीदा, सगळं बोलून दाखवायचं. मग प्रश्न येतो, जमेल याची खात्री शून्य ते दहात किती? आकडा सातच्या खाली आला की बेत बदलायचा. एक काका म्हणाले, रात्रीच्या टॉर्टिया (मेक्सिकन पोळ्या) बंद. खात्री? चार. मग ठरलं, चार टॉर्टियांऐवजी दोन, तेही आठवड्यातले चारच दिवस. आता? आठ! आमची सल्ला द्यायला जीभ वळवळते, पण गप्प बसायचं.

आमच्याकडे काम असतं पायांचं: शुगरमुळे तळव्यांची संवेदना गेली आहे का, ते बघायचं. मोजे काढायला लोक लाजतात. दहा ग्रॅमचा दाब देणारा नायलॉनचा बारीक तंतू आम्ही तळव्याला टेकवायचा, त्यांनी डोळे मिटून ‘लागलं’ म्हणायचं. न लागताच ‘लागलं’ म्हणणारेही भेटतात. (‘मी बारीक, मला कसली शुगर’ म्हणणाऱ्या आपल्या मंडळींसाठी: इथे शुगर तपासायचा सल्ला द्यायला बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २५ धरतात, आशियाई वंशाच्या लोकांना मात्र २३ लाच.)

खटकतं ते वेगळंच. डिसेंबरात सत्र संपलं की आमचे तास भरतात आणि आम्ही पसार. पुढच्या सत्राला नव्या मुली, काकांचं पुराण पुन्हा पहिल्यापासून. बाई तेवढ्या कायम, त्याही तुटपुंज्या मानधनावर. माझं मत विचाराल तर करारात सगळ्यात आधी त्यांचा पगार लिहायला हवा. ते आमच्या हातात नाही. यंदा एवढंच करून घेतलं, की पायांची नोंद कॉलेजच्या फायलीत न राहता ज्याच्या त्याच्या वहीत राहील.