विषारी कातडीच्या गोगलगायी जुळतात कशा?

शंख गमावलेल्या समुद्री गोगलगायींनी बचावाचं सगळं काम कातडीवर टाकलं आहे. पण समागमाच्या वेळी हीच कातडी दुसऱ्याच्या अंगाला भिडवावी लागते, आणि तो दुसरा कधीकधी खादाड शिकारीही असतो. म्हणून त्यांची जुळणी समजून घ्यायची तर आधी जननछिद्रं कुठे आहेत ते पाहावं.

न्यूडीब्रँक हा अशा गोगलगायींचा एक मोठा गट. ते उभयलिंगी असतात. त्यांचे नर-मादी मार्ग डोक्याच्या थोडं मागे, उजव्या कुशीला, जवळजवळ असतात. त्यामुळे दोघं विरुद्ध दिशांना तोंडं करून उजवी कूस उजव्या कुशीला टेकवतात आणि बहुधा दोघंही शुक्राणू देतात-घेतात.

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या नवानॅक्स या शिकारी समुद्री गोगलगायीची रचना वेगळी आहे. शिश्न डोक्याजवळ उजवीकडे, जननछिद्र मात्र पार मागे. शुक्राणू अंगावरच्या उघड्या खोबणीतून पुढे येतात. साहजिकच मागचा नर, पुढचा मादी. तिसरा येऊन चिकटला की साखळी होते आणि मधला एकाच वेळी दोन्ही भूमिका करतो. मला यात सगळ्यात विलक्षण वाटते ती नवानॅक्सची माग काढण्याची पद्धत. चिकट स्रावाच्या रेषेवरून तो जोडीदारापर्यंत पोचतो आणि भक्ष्यापर्यंतही. स्वजातीयालाही तो गिळतो. छेडल्यास तो पिवळा स्राव सोडतो. त्यातली नॅव्हेनोन नावाची द्रव्यं लागताच मागून येणारा नवानॅक्स वाट सोडून वळतो.

न्यूडीब्रँकमधल्याच एओलिड गटाची तऱ्हा आणखी निराळी. हायड्रॉइड (जेलीफिशचे नातलग असलेले दंश करणारे छोटे प्राणी) खाताना त्यांचे न फुटलेले दंशकोश ते पाठीवरच्या बोटांसारख्या उंचवट्यांच्या टोकांत साठवतात. एओलिडच्या कातडीतल्या पेशींत कायटिनचे (कीटकांच्या कवचातलं टणक द्रव्य) कण असतात, ते दंशाला अडवतात. ब्लू बॉटल हा जेलीफिशसारखा दंश करणारा प्राणी खाणाऱ्या ग्लॉकस या एओलिडचं शिश्न लांब आणि वाकडं असतं. जोडीदाराच्या दंशाळ टोकांपासून अंतर राखायला ते उपयोगी पडत असावं.

गोनिओब्रँकस रेटिक्युलेटस हा न्यूडीब्रँक तर समागमानंतर शिश्नाचं टोक टाकूनच देतो. आत गुंडाळलेला पुढचा भाग साधारण २४ तासांत कामाला तयार होतो. हे निरीक्षण जपानी संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलं.

निरीक्षणासाठी प्राणी ठेवायचे असतील तर प्रत्येक जातीला वेगळं भांडं द्या. प्ल्युरोब्रँक गटातला प्राणी चिडला की कातडीतून गंधकाम्ल सोडतो, पीएच १ ते २ इतकं तीव्र. फिलिडिया या न्यूडीब्रँकचा स्राव बंद पाण्यात मासे आणि खेकडे मारू शकतो. असा प्राणी बाहेर काढला तरी पाणी पूर्ण बदलल्याशिवाय त्या भांड्यात दुसरं काही सोडू नका.