किमाथींचा पुतळा आणि चाळीस वर्षांची बंदी

नैरोबीच्या ऐन गर्दीत, किमाथी स्ट्रीटवर, इंग्रजांविरुद्ध लढलेले बंडखोर नेते देदान किमाथी यांचा पुतळा आहे. एका हातात बंदूक, दुसऱ्या हातात खंजीर, डोक्यावर जटा. शेजारून मटाटू, म्हणजे इथली वडाप, हॉर्न ठोकत जातात. भारतातून आलेले पाहुणे फोटो काढतात आणि "म्हणजे यांचा भगतसिंगच की!" म्हणून मोकळे होतात.

मला ते पटत नाही. स्वतंत्र भारताने भगतसिंगांना कधी गुन्हेगार मानलं नाही. केनिया १९६३ साली स्वतंत्र झाला, पण किमाथी ज्यातून लढले त्या माऊ माऊ या बंडखोर संघटनेवरची इंग्रजांच्या काळातली बंदी २००३ साली उठली. पुतळा उभा राहिला तो २००७ साली.

मूळ भांडण जमिनीचं. मध्य केनियातली सुपीक पठारं गोऱ्यांनी स्वतःसाठी राखून ठेवली आणि तिथल्या किकुयू जमातीचे शेतकरी गोऱ्यांच्याच मळ्यांवर मजूर झाले. त्यातून माऊ माऊचं बंड उभं राहिलं आणि १९५२ साली इंग्रजांनी आणीबाणी लावली. न्यांदारुआ आणि माउंट केनियाच्या जंगलांतून लढणारे शपथ घेतलेले होते, पण धड हत्यारं सगळ्यांकडे नव्हती. ऑक्टोबर १९५६ मध्ये न्येरीजवळ किमाथी जखमी अवस्थेत सापडले. खटला कशाचा, तर पिस्तूल बाळगल्याचा! आणीबाणीत तेवढ्यालाही फाशी होती. १८ फेब्रुवारी १९५७ रोजी कामिती तुरुंगात त्यांना फासावर चढवलं आणि पुरलं कुठे ते सांगितलं नाही. त्यांच्या पत्नी मुकामी २०२३ साली गेल्या, तोवर नवऱ्याचे अवशेष मागत होत्या.

मग आपल्याच सरकारने ही माणसं चाळीस वर्षं बेकायदा का ठेवली? ऑफिसातल्या एका किकुयू मित्राला विचारलं. त्याचे एक आजोबा जंगलात, दुसरे इंग्रजांच्या बाजूच्या होमगार्डात. तो म्हणाला, "होमगार्डवाल्या आजोबांची जमीन राहिली, मुलं शिकली, साहेब झाली. जंगलवाले आजोबा इंग्रजांच्या कैदी-छावणीतून सुटून आले तेव्हा त्यांचं शेत दुसऱ्याच्या नावावर होतं. आता फायली कोण उघडणार?" एवढं बोलून त्याने चहा मागवला. स्वतंत्र केनियाचे पहिले अध्यक्ष जोमो केन्याटा यांनीही माऊ माऊला रोग म्हटलं होतं. ज्यांचं बस्तान बसलं त्यांना जुना हिशेब नकोच होता, असं माझं मत.

हिशेब थोडाफार झाला तो लंडनमध्ये. छावण्यांतल्या छळाबद्दल ब्रिटिश सरकारने २०१३ साली खेद व्यक्त केला आणि ५,२२८ वृद्धांसाठी १ कोटी ९९ लाख पौंड मान्य केले. माणशी किती होतात ते तुम्हीच काढा.

आपल्याकडच्यांना, विशेषतः गोव्याच्या वाचकांना, आणखी एक नाव सांगायलाच हवं: पिओ गामा पिंटो. गोवेकर घराण्यातले, जन्म नैरोबीचा, शिक्षण भारतात. आधी पोर्तुगीजांविरुद्ध गोव्यासाठी धडपडले, मग इथे येऊन माऊ माऊला हत्यारं मिळवून देऊ लागले. १९५४ साली इंग्रजांनी त्यांना मांडा बेटावर डांबलं. स्वातंत्र्यानंतर ते खासदार झाले आणि २४ फेब्रुवारी १९६५ रोजी नैरोबीतल्या घराच्या फाटकाशीच त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. त्यांची कबर सिटी पार्कच्या दफनभूमीत आहे. इकडे आलात तर कळवा, घेऊन जाईन.