पट्ट्या मोजल्या, अंदाज बदलला

निकॉनच्या डी 500 या आरशाच्या कॅमेऱ्याचा मिररलेस (आरशाविना) वारस कसा असेल, याचा माझा अंदाज रविवारी बदलला. पहाटे निघून डभोईजवळच्या वढवाणा तलावावर पोचलो. पट्टकादंबांचे थवे होतेच, पण मला हवा होता कवड्या खंड्या. हा पंख फडफडवत हवेत एका जागी थांबतो आणि मग दगडासारखा पाण्यात पडतो. माझ्या डी 500 वर मेकॅनिकल शटरने पंख जसेच्या तसे आले. सोबतच्या काकांनी मिररलेसवर सायलेंट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर लावून तोच पक्षी टिपला, तर पंख पार वाकडे. डोळा टाचणीसारखा शार्प, आणि तरी फोटो वाया. काकांचा चेहरा बघवेना.

रात्री वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरी चोकवाल्या ट्यूबलाइटखाली आम्ही चाचणी केली. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून अशी ट्यूब सेकंदाला 100 वेळा उजळते-मंदावते. कॅमेरा आडवा धरायचा, इलेक्ट्रॉनिक शटर, 1/4000 सेकंद, समोर पांढरी भिंत. सेन्सर ओळीओळीने वाचला जातो, त्यामुळे भिंतीवर उजळ आणि काळपट पट्ट्या उमटतात. दोन्हींची एक जोडी म्हणजे 10 मिलिसेकंद. काकांच्या कॅमेऱ्यात तीन जोड्या मोजल्या. म्हणजे वरची ओळ वाचल्यापासून खालची वाचेपर्यंत 30 मिलिसेकंद गेले, आणि तेवढ्यात खंड्याचा पंख कुठल्या कुठे! आमच्या पक्षी टिपणाऱ्या गटातल्या एकाने निकॉनचा मिररलेस झेड 8 आणला होता. त्यात अर्धी जोडीसुद्धा नाही.

डी 500 आला 2016 मध्ये: 20.9 मेगापिक्सेल, सेकंदाला 10 फ्रेम. त्याचा मिररलेस वारस कसा असेल, याचा विचार करताना मी आजवर मेगापिक्सेलच धरून बसलो होतो. आता माझा प्रश्न एकच, पट्ट्या किती? निकॉनच्याच झेड 50 टू या मिररलेसमध्ये 2024 सालीच झेड 8 चा एक्सपीड 7 प्रोसेसर आला, म्हणजे अडलंय ते सेन्सरपाशी. डी 500 सारखा क्रॉप (लहान आकाराचा) सेन्सर स्टॅक्ड, म्हणजे थर रचून झटपट वाचला जाणारा करता येतो हे फुजीच्या एक्स-एच 2 एसने 2022 मध्येच दाखवलं: 26.1 मेगापिक्सेल, सेकंदाला 40 फ्रेम. पण किमतीसाठी निकॉन झेड 6 थ्रीसारखा अर्धवट स्टॅक्ड सेन्सर घालेल, असं मला वाटतं. तसं झालं तर पट्ट्या दीड जोडीवर याव्यात. उडत्या बदकाला तेवढं पुरेल, खंड्याला नाही. म्हणून झेड 6 थ्रीत राखलंय तसं मेकॅनिकल शटर इथेही राहायलाच हवं. ते काढलं तर मी डी 500 सोडणार नाही.

दुसरी आशा प्री-कॅप्चरची. बटण दाबण्याआधीच्या फ्रेम निकॉन जेपेगमध्ये देतं, त्या रॉमध्ये (प्रक्रिया न केलेल्या मूळ स्वरूपात) मिळाव्यात. पाण्यावरची चमक जेपेगमध्ये सावरत नाही.

पुढच्या रविवारी सिंधरोटला, महीच्या काठावर. कुणाकडे एक्स-एच 2 एस असेल तर भिंतीचा एक फोटो काढून जोड्या मोजून कळवा. ट्यूब मात्र चोकवालीच हवी.