क्रॉस-कंपायलरची खबरबात: अमिगा ५०० मार्गी लागला

कपाटातला जुना संगणक नुसता सुरू होऊन भागत नाही, आज लिहिलेला सी कोड त्यावर पळायला हवा, हा माझा हट्ट. लिनक्सवर क्रॉस-कंपायलरने (दुसऱ्या यंत्रासाठी प्रोग्रॅम बनवणाऱ्या कंपायलरने) कंपाइल करून बायनरी तेवढी यंत्रावर न्यायची, हे आता अमिगा ५०० या जुन्या घरगुती संगणकावरही जमलं.

इथली मेख कंपायलरपेक्षा लिबजीसीसीत, म्हणजे जीसीसी कंपायलरच्या मदतनीस लायब्ररीत होती. जीसीसीचं एम६८के-ईएलएफ टार्गेट (६८००० घराण्यातल्या प्रोसेसरांसाठीचं), सीपीयू सांगितला नाही तर, ६८०२० हा पुढचा प्रोसेसर धरून चालतं. अमिगा ५०० मध्ये साधा ६८०००. कंपाइल करताना ‘-एम६८०००’ दिलं की आपला कोड बरोबर निघतो, पण लिबजीसीसी आधीच बांधून ठेवलेली असते. मल्टिलिब (वेगवेगळ्या सीपीयूंसाठी वेगळ्या प्रती बांधायची सोय) बंद असेल तर फक्त ६८०२० साठीची. माझ्या टायमिंगच्या चाचणीत ६४ बिटी भागाकार आहे. तो लिबजीसीसीतल्या फंक्शनकडे जातो, तिथे ३२ बिटी गुणाकाराची ६८०२० ची सूचना (इन्स्ट्रक्शन) येते आणि ६८००० अडतो. पडद्यावर गुरू मेडिटेशन (अमिगाचा क्रॅश-संदेश), पहिल्या आकड्याच्या शेवटी ४, म्हणजे अवैध सूचना. (३ दिसला तर विषम पत्त्यावरून वर्ड वाचला जातोय, त्याचा शोध वेगळा.)

कॉन्फिगर करतानाच ‘विथ-सीपीयू=एम६८०००’ देऊन जीसीसी आणि न्यूलिब (सीची मूळ लायब्ररी) नव्याने बांधली. आता प्रत्येक बिल्डनंतर ऑब्जडंपने (बायनरीतल्या सूचना वाचून दाखवणाऱ्या साधनाने) अख्खी लिबजीसीसी उलगडून ६८०२० च्या सूचनांसाठी ग्रेप मारतो, म्हणजे शोध घेतो. तुम्हीही माराच. एम्युलेटर (अमिगाची नक्कल करणारा प्रोग्रॅम) ६८०२० वर सेट असेल तर हा दोष तिथे दिसतच नाही, खऱ्या बोर्डावरच उघडा पडतो. शेवटी ईएलएफटूहंक चालवलं की अमिगाला कळणारी फाइल तयार.

झेडएक्स स्पेक्ट्रम या दुसऱ्या जुन्या संगणकाचं काम झेड८८डीके या कंपायलर-संचावर सुरळीत आहे. डेसिबेल्स कंपनीने परवान्यावर भारतात विकलेल्या डीबी स्पेक्ट्रम प्लससाठीही तोच बिल्ड. टॅप फाइलसोबत (कॅसेटवरच्या डेटाची नक्कल) वेव्ह, म्हणजे आवाजाची, फाइल काढायची, फोनचा आवाज पूर्ण वाढवून स्पेक्ट्रमच्या इअर सॉकेटमध्ये सोडायची. कोड मेमरीत ३२७६८ या पत्त्याच्या वर ठेवा. खालच्या १६ केबी रॅमसाठी यूएलए (पडद्यावर चित्र दाखवणारी चिप) आणि झेड८० (प्रोसेसर) यांची ओढाताण चालते, वेग पडतो.

पुढचा नंबर कमोडोर ६४ चा. त्याच्या ६५०२ घराण्यातल्या प्रोसेसरचा स्टॅक (तात्पुरत्या नोंदींची जागा) जेमतेम २५६ बाइटचा, म्हणून सीसी६५ हा कंपायलर व्हेरिएबल्ससाठी मेमरीत स्वतःचा वेगळा स्टॅक चालवतो, आणि तो संथ आहे. लोकल व्हेरिएबल्स स्टॅटिक करणारा पर्याय लावून वेग मोजायचाय. त्याने रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच बोलावणं) हातचं जातं, त्यामुळे चाचणीतलं रिकर्शनवालं क्विकसॉर्ट (क्रमवारी लावायची पद्धत) आधी लूपवर आणतोय.