पावसाच्या अंदाजावर विजेचा आराखडा : आमची वाटचाल

कर्नाटकातील बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतील एका भाड्याच्या गाळ्यात 2006 साली मी आणि माझ्या मावसभावाने इन्व्हर्टर, बॅटऱ्या आणि जनित्रांच्या दुरुस्तीचे काम सुरू केले, तेव्हा हवामानाचा आपल्या धंद्याशी काही संबंध आहे असे आम्हाला वाटले नव्हते. भारनियमन वाढले की गिऱ्हाईक वाढे, कमी झाले की घटे, एवढाच आमचा हिशोब होता. पुढे फाउंड्र्यांची (धातूचे ओतकाम करणाऱ्या कारखान्यांची) जनित्रे वार्षिक करारावर सांभाळू लागलो, मग सौरपंप आणि छतावरचे सौरसंच बसवू लागलो, दोघांचे नऊजण झालो. या पहिल्या बारा वर्षांबद्दल सांगण्यासारखे फार नाही. येणाऱ्या हंगामाचा हवामान अंदाज पाहून ग्राहकाच्या विजेचा आराखडा आखून देणे हे आज आमचे मुख्य काम आहे, आणि त्याची सुरुवात आमच्याच एका चुकीतून झाली.

खानापूर तालुक्यात जांबोटीच्या पलीकडे एका दूध संकलन केंद्राला 2019 च्या सुरुवातीला आम्ही सौरसंच आणि बॅटऱ्या बसवून दिल्या. काढलेले दूध काही तासांत चार अंशांपर्यंत थंड झाले नाही तर ते नासते, म्हणून तिथे विजेचा खंड चालत नाही. आराखडा करताना आम्ही बेळगावची वर्षभराची सरासरी किरणशक्ती (उन्हातून मिळणारी ऊर्जा) धरली, म्हणजे दिवसाला दर चौरस मीटरमागे पाच युनिटांहून थोडी अधिक. तिच्यावर दोन दिवसांचा बॅटरीसाठा धरला आणि तेवढे पुरेसे आहे असे लेखी कळवले. केंद्र चालवणाऱ्या वयस्कर काकांनी त्या वेळी विचारले होते, "तरणा पाऊस लागला की आमच्याकडं पंधरा-पंधरा दिवस ऊन दिसत नाही, ते धरलंय का यात?" सरासरीत सगळे येते, असे उत्तर मी दिले. ते उत्तर चुकीचे होते.

त्या वर्षी ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा आणि मार्कंडेय या नद्यांना आलेला पूर बेळगाव जिल्ह्यातील कोणीही विसरलेला नाही. कणकुंबीकडच्या डोंगरात, जिथे मलप्रभा उगम पावते, तिथे पाऊस थांबतच नव्हता. पॅनेलवर ऊन पडले नाही. त्याच पावसात जंगलातील झाडे वाहिन्यांवर कोसळल्याने गावाची वीज गेली. त्याच पावसाने रस्ता बंद झाल्याने जनित्राला डिझेल पोहोचले नाही. सहा दिवसांचे दूध ओतून द्यावे लागले, आणि त्यातील बहुतेक दूध दोन-तीन म्हशी असलेल्या घरांचे होते. आम्ही नुकसानीचा काही भाग भरून दिला, पण मला अधिक लागले ते दुसरेच. सूर्य, वाहिनी आणि डिझेल हे तीन वेगवेगळे आधार आहेत असे आम्ही गृहीत धरले होते. प्रत्यक्षात तिन्ही एकाच आभाळावर अवलंबून होते, आणि ते आभाळ बिघडताच तिन्ही एकदम गेले.

त्यानंतरचा हिवाळा आम्ही जुन्या नोंदी वाचण्यात घालवला. नासाच्या पॉवर या मोफत माहितीसेवेवर कोणत्याही ठिकाणची 1984 पासूनची रोजची किरणशक्ती मिळते. भारतीय हवामान विभागाच्या पावसाच्या चौकटवार नोंदी (नकाशाचे चौकोन पाडून प्रत्येकाच्या ठेवलेल्या) तर 1901 पर्यंत मागे जातात. माझ्या भाच्याने नुकतीच संख्याशास्त्राची पदवी घेतली होती. त्याने सरासरी बाजूला ठेवून सलग किती दिवस ऊन नसते, हे प्रत्येक वर्षासाठी मोजले. खानापूरच्या पश्चिम भागात आठवडाभराची सलग अंधारी हा अपवाद नसून जवळजवळ नेम आहे आणि अथणीकडे मात्र ती क्वचित येते, हे त्या तक्त्यातून आम्हाला प्रथम आकड्यांत दिसले. काकांना ते पुनर्वसू नक्षत्राच्या, म्हणजे तरण्या पावसाच्या, नावाने आधीपासूनच ठाऊक होते. त्याच केंद्रात आम्ही पुढे बॅटऱ्या न वाढवता बर्फाची टाकी बसवली, कारण गारवा साठवणे वीज साठवण्यापेक्षा बरेच स्वस्त पडते, आणि मृग निघण्यापूर्वी तीन आठवड्यांचे डिझेल भरून ठेवण्याचा नियम घातला. केंद्र अजून आमच्याकडेच आहे.

जुन्या नोंदी हंगामाचा स्वभाव सांगतात. यंदाचा हंगाम कसा वागेल हे त्या सांगत नाहीत. त्यासाठी अंदाज लागतो, आणि अंदाज म्हणजे एकच गोष्ट नव्हे हे समजायला आम्हाला दोन वर्षे लागली. हवामान विभाग एप्रिलमध्ये संपूर्ण मोसमी पावसाचा अंदाज देतो आणि मेअखेरीस तो सुधारतो. दर महिन्याच्या अखेरीस पुढच्या महिन्याचा अंदाज येतो, दर गुरुवारी पुढील चार आठवड्यांचा येतो, आणि रोजचा अंदाज काही दिवसांपुरता असतो. एप्रिलचा आकडा सबंध देशाचा असतो. तो पाहून बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या शिवारात काय होईल हे सांगू पाहणे ही फसवणूक होईल. एल निनो, म्हणजे प्रशांत महासागराचे पाणी नेहमीपेक्षा अधिक तापणे, आला म्हणजे दुष्काळ पडणारच, असेही नाही. 1997 मध्ये तो अतिशय प्रबळ होता आणि देशाचा पाऊस सरासरीएवढा झाला. 2002 मध्ये तो त्या मानाने सौम्य असताना मोठा दुष्काळ पडला. तेव्हा एप्रिलच्या अंदाजावरून आम्ही फक्त उशिरा बदलता न येणारे निर्णय हाताळतो, जसे कर्ज, यंत्रखरेदी किंवा साठ्याची जागा, आणि बाकीचे निर्णय जवळच्या अंदाजांसाठी राखून ठेवतो.

या पद्धतीची खरी परीक्षा 2023 साली झाली. एप्रिलचा अंदाज सरासरीच्या 96 टक्क्यांचा होता आणि हंगामअखेर देशात 94 टक्के पाऊस पडला, म्हणजे कागदावर अंदाज बरोबर ठरला. पण त्या दोन आकड्यांच्या पोटात ऑगस्ट दडला होता. 1901 पासूनच्या नोंदींतील तो सर्वांत कोरडा ऑगस्ट होता, देशभरात सरासरीपेक्षा 36 टक्के कमी पावसाचा. कर्नाटकात 236 पैकी 223 तालुके दुष्काळग्रस्त जाहीर झाले. विजेच्या दृष्टीने अशा वर्षी काय होते ते थोडे सविस्तर सांगतो, कारण आमचे सगळे काम याच एका साखळीवर उभे आहे.

पावसाळ्यात आपल्याकडे पंप बंद असतात. पाऊस ओढ देतो तेव्हा ते सगळे एकाच आठवड्यात सुरू होतात. शिवाय कूपनलिकेतील पाणी खाली गेलेले असते. एक हजार लिटर पाणी शंभर मीटर उचलायला तत्त्वतः 0.27 युनिट वीज लागते, आणि पंपाची कार्यक्षमता निम्मी धरली तर अर्ध्या युनिटाहून अधिक. पातळी दीडशे मीटरवर गेली की तेवढ्याच पाण्याला दीडपट वीज जाते. म्हणजे पाणी अधिक लागते आणि प्रत्येक लिटरला वीजही अधिक लागते. नेमक्या त्याच वेळी शरावती आणि काळी नद्यांवरची धरणे भरलेली नसतात, आणि उन्हाळ्यासाठी पाणी राखायचे म्हणून जलविद्युत जपून वापरावी लागते. एकाच कारणाने मागणी चढते आणि पुरवठा आटतो. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये राज्यात टंचाई इतकी वाढली की उत्तर प्रदेश आणि पंजाब यांच्याशी विजेच्या अदलाबदलीची व्यवस्था करावी लागली. हीच साखळी 2024 मध्ये झांबियातही दिसली. तिथली बहुतांश वीज पाण्यापासून होते, आणि पाऊस हुकल्यावर करिबा धरण आटले तेव्हा शहरांतही दिवसातले अनेक तास अंधार राहिला. बेळगाव आणि करिबा यांत काही साम्य नाही, पण ज्या प्रदेशात शेती पावसावर आणि वीज धरणावर चालते, तिथे विजेचे नियोजन म्हणजे पावसाचेच नियोजन ठरते.

ऑगस्टमध्ये पाऊस सरासरीपेक्षा कमी राहील असे हवामान विभागाने जुलैअखेरीसच सांगितले होते. ते वाचून आम्ही आमच्या फाउंड्री ग्राहकांना ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पत्र पाठवले. इंडक्शन भट्टीत एक टन बीड (ओतीव लोखंड) वितळवायला सुमारे 600 युनिट वीज लागते, आणि मध्येच वीज गेली तर भट्टीतला रस गोठून अस्तर खराब होते. अस्तर बदलण्याचे काम वर्षातून ठरलेल्या वेळा करावेच लागते. ते दिवाळीच्या सुटीऐवजी ऑक्टोबरमध्ये घ्या, असा आमचा सल्ला होता. चौघांनी तो मानला, इतरांनी मानला नाही. ज्यांनी मानला नाही त्यांना मी दोष देत नाही, कारण त्यांच्या हातात मालाच्या तारखा होत्या आणि माझ्या हातात फक्त शक्यता होती.

शक्यता लोकांपुढे कशी मांडावी, यावर आम्ही सर्वाधिक वेळ खर्च केला आहे. "पाऊस कमी पडेल का, एवढंच सांगा अण्णा," असे पुष्कळजण म्हणतात, आणि धंदा टिकवायचा तर ठाम उत्तर देण्याचा मोह होतो. आम्ही ते टाळतो आणि ग्राहकाचाच खर्च त्याच्यापुढे मांडतो. समजा, महिन्यासाठी जनित्र आधीच भाड्याने ठरवण्यास साठ हजार रुपये लागतात आणि वीज न मिळाल्यास तीन लाखांचे नुकसान होते. साठ हजार हे तीन लाखांच्या वीस टक्के आहेत, म्हणून टंचाईची शक्यता वीस टक्क्यांहून अधिक असेल तर जनित्र ठरवणे परवडते, कमी असेल तर नाही. शेजारच्या कारखान्याचे नुकसान केवळ ऐंशी हजारांचे असेल, तर त्याची मर्यादा पंचाहत्तर टक्के होते; शक्यता तिच्याहून कमी असेल तर त्याच अंदाजावर त्याने जनित्र न घेणेच योग्य ठरेल. अंदाज एकच असून दोघांना दोन सल्ले दिल्याने सुरुवातीला आमच्याबद्दल कुजबुज झाली. आता प्रत्येक पत्राखाली हा हिशोब छापलेला असतो.

ही पत्रे आम्ही मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत काढतो. वीज कंपनीच्या सूचना कन्नडमध्ये येतात, आणि खानापूर, बेळगाव, निपाणी भागातील आमचे कितीतरी जुने ग्राहक मराठीच वाचतात. पंपांना लागणाऱ्या थ्री फेज विजेच्या वेळा बदलल्याचे दोन दिवस उशिरा कळले म्हणून ऊस वाळल्याचे मी पाहिले आहे. उपसा सिंचनाच्या दोन गटांसाठी दर शुक्रवारी, गुरुवारचा अंदाज वाचून, पुढच्या दोन आठवड्यांत टी.सी.वर (ट्रान्सफॉर्मरवर) किती पंप एकदम चालतील याचा तक्ता आम्ही पाठवतो आणि पाळ्या सुचवतो. कोरडा पंधरवडा येणार असेल तर पाळ्या त्याआधीच लावून घ्याव्यात, म्हणजे टी.सी. जळत नाही. एकदा टी.सी. जळला की नवा येईपर्यंत गेलेले दिवस पिकाला परत मिळत नाहीत.

आमचे अंदाज चुकतातही, आणि ते आम्ही लपवत नाही. 2025 च्या मेमध्ये कडक उन्हाळा धरून आम्ही ग्राहकांना जादा शीतसाठा करायला सांगितले होते. वळवाने मुक्काम ठोकला, 24 मे रोजी मोसमी पाऊस केरळात पोहोचला, नेहमीच्या 1 जूनच्या आठ दिवस आधी. धूळवाफ पेरणीसाठी (पावसाआधी कोरड्या मातीत करायच्या पेरणीसाठी) तापलेली जमीन मिळाली नाही म्हणून भातकरी अडचणीत आले, आणि आमच्या ग्राहकांचा साठ्यावरचा खर्च वाया गेला. त्या वर्षापासून मेच्या आराखड्यात आम्ही दोन फांद्या ठेवतो, एक उन्हाळा लांबला तर आणि एक पाऊस लवकर आला तर, आणि कोणत्या गुरुवारी कोणती फांदी सोडायची ते आधीच लिहून ठेवतो.

उत्पन्नाबद्दल स्पष्ट लिहितो. फाउंड्र्या आणि शीतगृहे या सेवेचे पैसे देतात. उपसा गट आणि छोटी दूध केंद्रे देऊ शकत नाहीत, त्यांच्याकडून आम्ही फक्त देखभालीचे पैसे घेतो आणि तूट फाउंड्र्यांच्या करारातून भरून काढतो. ग्रामपंचायतींच्या पाणीयोजनांना हे काम सर्वाधिक उपयोगी पडेल असे मला ठामपणे वाटते, कारण त्यांचे वीजबिल दुष्काळातच फुगते आणि त्याच वर्षी त्यांच्याकडे पैसा नसतो. तीन पंचायतींशी बोलणे चालू आहे. त्यांच्यासाठी जांबोटी, काकती आणि निपाणी येथील तीन छतांवर आम्ही किरणमापक बसवले आहेत, आणि उपग्रहाचा आकडा खालच्या आभाळाशी किती जुळतो हे भाचा रोज संध्याकाळी वहीत उतरवतो. जांबोटीचा मापक पावसाळ्यात उपग्रहापेक्षा सातत्याने कमी ऊन दाखवतो; तो फरक धरून काढलेला पहिला आराखडा येत्या रोहिणीच्या आत पंचायतींच्या हाती द्यायचा आहे.